वेदनावैद्यकाची परीक्षा

ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्सच्या वेदनावैद्यक विभागाची फेलोशिप परीक्षा लेखी आणि तोंडी अशी दुहेरी असून, तिच्या तयारीत औषधांच्या मात्रा आणि मज्जातंतूंची रचना पाठ करणे आवश्यक असले तरी तेवढे मुळीच पुरेसे नाही. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला द्वारनियंत्रण सिद्धांत, म्हणजे मज्जारज्जू वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना कमी-अधिक करतो ही उपपत्ती, खोलवर समजून घेतल्याशिवाय पुढचा अभ्यास पोकळ राहतो. वेदना हा संवेदनेइतकाच भावनेचाही अनुभव असून रुग्णाच्या कथनाचा आदर केला पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणूनच दीर्घकालीन, अर्थात तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या, वेदनेच्या रुग्णाची झोप, नैराश्य आणि रोजगार यांची चौकशी करण्याचा सराव परीक्षार्थींनी बाह्यरुग्ण विभागातच केला पाहिजे.