तारखेच्या अलीकडचे, तारखेच्या पलीकडचे

बुऱ्हाणपूरहून रावेर ते किती लांब! केळीच्या बागा त्याच, बोलणं तेच, सोयरीकही दोन्हीकडे. पण समजा, मे 2005 मध्ये दोन मावसभाऊ पोलिसात शिपाई म्हणून लागले, एक इकडे, एक तिकडे. मध्य प्रदेशात 1 जानेवारी 2005 पासूनच्या भरतीला नवी पेन्शन योजना लागू झाली, महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून. म्हणजे रावेरचा भाऊ जुन्या पेन्शनीत, बुऱ्हाणपूरचा नव्या.

जुन्या योजनेत पूर्ण सेवा झाली की शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते, शिवाय वाढता महागाई भत्ता. नव्या योजनेत दरमहा पगारातून 10 टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं आणि पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्त होताना साधारणपणे किमान 40 टक्के रकमेची पेन्शन विमा कंपनीकडून विकत घ्यायची. हातात किती पडेल, ते बाजार आणि त्या वेळचे दर ठरवणार. बंदोबस्त तोच, गणपतीतली रात्रपाळी तीच. म्हातारपण मात्र वेगळं.

जुन्यांमध्येही सगळे सारखे नाहीत. केंद्र सरकारने 1979 मध्ये पेन्शनचं सुधारित सूत्र आणलं, पण 31 मार्च 1979 च्या आधी निवृत्त झालेल्यांना वगळलं. नकारा खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेद रद्द केला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या पीठावर होते. पेन्शन ही सरकारची खैरात नव्हे, हक्क आहे, असं तेव्हा ठरलं. म्हणून तो दिवस पेन्शनर दिन.

आपल्या राज्याची आणखी एक गोष्ट. 2000 मध्ये छत्तीसगड वेगळं झालं. पुनर्गठन कायद्याच्या कलम 49 चा आधार देऊन पेन्शनरांच्या महागाई भत्त्यासाठी दोन्ही राज्यांची संमती मागितली जात आली. त्यामुळे नोकरीतल्या मुलाचा भत्ता आधी वाढतो, निवृत्त बापाचा मागून. भाजी दोघंही एकाच भावाने घेतात.

तिजोरीला मर्यादा आहे, हे मला मान्य आहे. नव्या भरतीसाठी नवा नियम करता येतो. पण आम्ही सॉफ्टवेअरवाले नवी आवृत्ती आणतो, तेव्हा जुन्या ग्राहकाचं काय होणार, हे आधी विचारतो. ज्याची सेवा संपली, त्याला तर नोकरी बदलण्याचीही सोय नसते. त्याचा विचार आधी व्हायला हवा.

तोवर आपल्या हातातलं एक काम करू. या रविवारी आई-बाबांचा किंवा आजोबांचा पेन्शन आदेश काढून वाचा. जन्मतारीख बरोबर आहे का? जोडीदाराचं नाव आहे का? 80 वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनीत 20 टक्के वाढ मिळते, पण कागदावर तारीखच चुकीची असेल तर ती अडकते. आणि 2005 नंतर लागलेला दादा किंवा ताई घरात असेल, तर त्यांच्या खात्यावरचा वारसही तपासा.