भिंत त्यांची, चित्र आपले, करारनामा कोणाचा?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आणि आम्हा सिंधुदुर्गातील वकिलांची मुंबईची वारी कमी झाली. सोय झाली यात वाद नाही. पण त्या वारीत जडलेला माझा एक छंद सुटला. कोर्टाचे काम आटोपले की रात्रीच्या गाडीपर्यंत मी काळा घोडा आणि फोर्टमधील चित्रदालने पाहत फिरत असे. जहांगीरमध्ये कोणीही शिरतो. खाजगी गॅलरीचे तसे नाही. काचेचा दरवाजा, आत थंडगार शांतता आणि भिंतीवर चित्राची किंमत कुठेच नाही. एकदा धीर करून विचारली, तर टेबलामागची मुलगी म्हणाली, "सर, आपण कलेक्टर आहात का?" आमच्याकडे कलेक्टर म्हणजे ओरोसला बसणारे जिल्हाधिकारी! म्हटले, नाही बाई, साधा वकील आहे. तिला चित्रांचा संग्राहक म्हणायचे होते, हे नंतर कळले. किंमत मात्र कळली नाही.

त्या दिवशी भिंतीवर सफाई कामगारांची चित्रे होती. ज्याचे जगणे भिंतीवर, त्यालाच दार उघडताना दहादा विचार करावा लागतो, ही विसंगती पाहून आपले काही कार्यकर्ते म्हणतात की हा सगळा प्रस्थापितांचा बाजार आहे, आपण तिकडे फिरकूच नये. मला हे पटत नाही. नागपूरच्या सवी सावरकरांनी देवदासी आणि गळ्यात मडके, कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य रंगवला, तेव्हा भारतीय आधुनिक चित्रकलेत ही माणसे जवळजवळ नव्हतीच. आज विक्रांत भिसे यांच्या कॅनव्हासवर आंबेडकरी चळवळीचा इतिहास निळ्या रंगात उभा राहतो. प्रभाकर कांबळे यांचे काम २०२२ च्या बर्लिन बिएनालेत पोहोचले. ही दारे कोणी दयेने उघडलेली नाहीत. मग ती आपण आपल्या हाताने का लावून घ्यायची? चित्रकारालाही पोट आहे. त्याचे चित्र विकले गेले तर त्यात वाईट काय?

प्रश्न विक्रीचा नाही, कागदाचा आहे. आपल्या चळवळीत कलेवर भाषणे खूप झाली, पण कलावंताच्या करारनाम्यावर कोणी बोलत नाही.

प्रतिलिप्यधिकार कायदा १९५७, म्हणजे आपला कॉपीराइट कायदा, त्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ आले. मूळ चित्र, शिल्प किंवा रेखाटन दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या किमतीत कलावंताचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा वाटा आहे. हा वाटा दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. समजा, एका पोराने चित्र पन्नास हजाराला दिले आणि दहा वर्षांनी ते वीस लाखांना फिरले, तर दोन लाखांपर्यंत हक्क त्याचा. महत्त्वाचे म्हणजे, त्याने कॉपीराइट लिहून दिला असला तरी हा हक्क जात नाही, असे कलमच सांगते. पण वाटा किती, हे ठरवायचे कोणी? आधी ते काम कॉपीराइट मंडळाकडे होते, मग अपील मंडळाकडे गेले, २०२१ मध्ये ते मंडळच बरखास्त झाले आणि विषय वाणिज्य न्यायालयांकडे आला. तीस वर्षे हक्क पुस्तकात आहे, खिशात नाही. फ्रान्सने असा हक्क १९२० मध्ये दिला. ऑस्ट्रेलियात २०१० पासून पाच टक्के मिळतात आणि तिथल्या आदिवासी चित्रकारांना त्याचा मोठा आधार आहे. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचे 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. परदेशातल्या अशा लिलावाला आपला कायदा कुठवर पुरणार, हा प्रश्न मात्र बातमीत नव्हता.

नाव आणि वाटा, दोन्ही हिरावले जातात तेव्हा काय होते हे पाहायला मुंबईला जायची गरज नाही. कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि बाहुल्यांची कला पिढ्यान्‌पिढ्या जगवली. विषय रामायण-महाभारताचे, त्याबद्दल आपले मतभेद आहेतच, पण हात कष्टकऱ्यांचे. त्यांच्या जुन्या पोथ्यांतली चित्रे आज मोलाची मानली जातात, मात्र काढणाऱ्याचे नाव कोणाला सांगता येत नाही. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभे केले, २०२१ ची पद्मश्री त्यांना मिळाली, तेव्हा कुठे एक नाव देशाला कळले. आणि याच नावाच्या जमातीचा माणूस जातपडताळणी समितीपुढे उभा राहिला की त्याला विचारतात: तुमची गाणी कोणती, देव कोणते, चालीरीती कोणत्या? या 'आप्तभाव चाचणी'वरच दावा निकाली काढता येणार नाही, असे ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी सांगितले. जी संस्कृती गॅलरीत विकायला अस्सल, तीच दाखल्यासाठी संशयास्पद!

वारल्यांचेही तेच. १९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे लागली, पुढे जगभर गेली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी कप, चादरी आणि हॉटेलच्या भिंतींवर नाचणाऱ्या त्या आकृत्यांखाली नाव कोणाचे असते?

आणि आपण तरी कुठे वेगळे? ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर बाबासाहेबांची चित्रे, दिनदर्शिका, मूर्ती लाखो हातांतून जातात. वर्षातले सर्वात मोठे प्रदर्शन आपले आहे. त्यातल्या किती चित्रांवर चित्रकाराचे नाव असते? आपलेच प्रकाशक एकमेकांची चित्रे उचलतात, छापतात आणि वर जयभीम घालतात. गॅलरीवाल्याला जाब विचारण्याआधी हे घरातले मान्य केले पाहिजे.

हे सारे आठवायला निमित्त झाले आमच्याच तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतला मुलगा. कलाशिक्षण झालेले, हात उत्तम. समुद्रावर रापण ओढणारी माणसे आणि वाडीतली विहीर त्याने रंगवली. शहरातल्या एका गॅलरीने सात चित्रे मागितली आणि सोबत चार पानांचा इंग्रजी कागद पाठवला. "काका, सही मारू काय?" विचारत तो आला. त्यात लिहिले होते, सर्व चित्रांचे सर्व हक्क सर्व काळासाठी गॅलरीकडे. विकल्यावर पैसे किती दिवसांत, न विकलेली चित्रे परत कधी, याबद्दल अक्षर नाही. कलम १९ प्रमाणे हक्क लिहून देताना काम कोणते, हक्क कोणते, मुदत व क्षेत्र किती आणि मोबदला किती, हे कागदावर यावे लागते. मुदत लिहिलीच नाही तर पाच वर्षे धरतात. पण इथे ती लिहिली होती, 'सर्व काळ' म्हणून. हीच खरी मेख.

आम्ही ती ओळ खोडली. पैसे तीस दिवसांत, न विकलेली चित्रे सहा महिन्यांनी परत, प्रत्येक विक्रीत खरेदीदाराचे नाव कळवणे, अशा तीन ओळी मराठीत लिहिल्या आणि शेजारी इंग्रजी तर्जुमा जोडला. खरेदीदाराचे नाव का? कारण पुढची विक्री कुठे झाली हे कळलेच नाही तर ते दहा टक्के मागायचे कोणाकडे? मुलगा घाबरला होता, संधी जाईल म्हणून. त्याची आई शांतपणे म्हणाली, चित्रे घरात राहिली तरी आपलीच आहेत.

कागद पोस्टाने गेला आहे, उत्तर अजून यायचे आहे. जिल्ह्यातल्या आणखी कोणा चित्रकाराकडे असा कागद आला असेल तर सही करण्याआधी कोर्टात माझ्याकडे घेऊन यावा. वाचून द्यायची फी नाही.