एका फेरीचे बेचाळीस रुपये

पुण्यातल्या कुठल्याही हॅकेथॉनला जा, 'ग्रामीण आरोग्य' विषय घेतलेली एक तरी टीम सापडतेच. स्लाइडही ठरलेली असते. हसतमुख आशाताई, हातात स्मार्टफोन, मागे भाताचं शेत. पुढच्या स्लाइडवर डॅशबोर्ड, त्यावर लाल-पिवळे-हिरवे ठिपके. परीक्षक विचारतात, 'ऑफलाइन चालतं का?' टीम म्हणते, 'हो सर, रेंज आली की सिंक होतं.' टाळ्या. डॅशबोर्ड बनवणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे मी अशी बरीच सादरीकरणं बघितली आहेत. 'त्या ताईला एका फेरीचे किती मिळतात?' हा प्रश्न मात्र मी आजवर एकाही परीक्षकाकडून ऐकलेला नाही.

मग आपणच विचारू. बाळ दवाखान्यात जन्मलं, तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जायचं असतं. वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे, बाळ नीट पितंय का बघायचं, आईची विचारपूस करायची. 'गृह आधारित नवजात बालक काळजी' असं या कार्यक्रमाचं भारदस्त नाव. २०११ मध्ये तो देशभर सुरू झाला तेव्हा या सगळ्याचा दर ठरला २५० रुपये. फेरीचे नव्हे, सहा फेऱ्यांचे मिळून. भागाकार केला की बेचाळीस रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. तुमच्या घरी रात्री दहाला बिर्याणी येते, तिचा डिलिव्हरी चार्ज एकदा बघून घ्या.

पण माझा खरा राग रकमेवर नाही, हिशोबाच्या पद्धतीवर आहे. आशाच्या कमाईचा मोठा भाग 'जेवढ्या केसेस तेवढे पैसे' अशा बेतानं ठरतो. आता सपाटीवरचं दीड हजार वस्तीचं गाव घ्या आणि भामरागड तालुक्यातला तीनशे माणसांचा पाडा घ्या. जन्मदर हजारी वीस धरला, तर पहिल्या गावात वर्षाला तीस बाळंतपणं, पाड्यात सहा. म्हणजे नवजात बाळांच्या भेटींचे पहिलीला वर्षाचे साडेसात हजार, दुसरीला दीड हजार. पहिलीचं गाव डांबरी रस्त्यावर. दुसरीच्या वाटेत नाला, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहायला लागली की खुद्द तालुक्याचं ठिकाणच तुटतं. बाळ दगावण्याचा धोका जिथे जास्त, तिथे ते वाचवणारीची कमाई कमी. कुठल्याही प्रॉडक्ट मॅनेजरने असं प्राइसिंग मांडलं असतं, तर त्याला मीटिंगमधून बाहेर पाठवलं असतं. इथे ते सरकारी धोरण म्हणून वर्षानुवर्षं चालतं आणि दुर्गम भागातले आकडे सुधारत नाहीत म्हणून आपण नवीन अ‍ॅप काढतो.

यावर कुणी म्हणेल की आता ठरावीक रक्कमही मिळते. मिळते. केंद्राने नेहमीच्या कामांचा महिन्याचा मोबदला २०१८ मध्ये एक हजारावरून दोन हजार केला, पुढे तो साडेतीन हजार करायचं ठरलं. महाराष्ट्रात २०२३-२४ मध्ये आशा संपावर गेल्या, मुंबईत आझाद मैदानावर बसल्या, तेव्हा कुठे राज्याने पाच हजारांची वाढ मान्य केली. प्रत्येक वाढीआधी रस्त्यावर बसावं लागतं, कारण कागदावर या बाई 'स्वयंसेविका' आहेत. पगार नाही, 'मोबदला'. नोकरी नाही, 'सेवा'. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की योजनांवर काम करणाऱ्या या बायकांना कामगार म्हणा, किमान वेतन द्या. मालक, कामगार आणि सरकार हे तिघेही त्या परिषदेत बसतात. शिफारस अजून शिफारसच आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या दहा लाख आशांना पुरस्कार दिला, तेव्हा अभिनंदनाच्या पोस्टी मात्र आपण सगळ्यांनी टाकल्या.

ही बाई नेमकं काय करू शकते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळ तपासत, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखत आणि वेळ आली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून साधारण २५ वर आला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हे छापलं. स्मार्टफोन नव्हता. कागदाचा तक्ता होता, झोळीचा वजनकाटा होता, हातात औषध होतं, ते वापरायचा अधिकार होता आणि तिच्या नोंदी गावात येऊन तपासणारा माणूस होता.

याच कामावरून पुढे देशाचा कार्यक्रम बेतला गेला. त्यातून आशाकडे भेटींचं वेळापत्रक आलं, तक्ता आला. इंजेक्शनचा अधिकार तिच्या कामाच्या यादीत आला नाही. म्हणजे बाळ गंभीर आहे हे तिने ओळखायचं, नोंदवायचं आणि मग गाडीची वाट बघायची. मला हे सॉफ्टवेअरच्या भाषेत फार नीट कळतं: 'रीड अ‍ॅक्सेस' दिला, 'राइट अ‍ॅक्सेस' काढून घेतला.

आता डेटाबद्दल, कारण आमच्या धंद्यातल्या लोकांचा शेवटचा मुद्दा तोच असतो. डेटाच नसेल तर सुधारणार काय? २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवलं की महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी नोंदीत दिसतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त आहेत. म्हणजे नोंदणीची यंत्रणा होती, रजिस्टरं होती, आकडे महिन्याच्या महिन्याला वर जात होते. मृत्यू तेवढे वाटेत गळत होते. यामागचं कारण तांत्रिक नाही. मृत्यू नोंदवला की चौकशी खालच्या माणसाची होते. 'तू भेटीला गेली होतीस का?' हे विचारलं जातं. 'केंद्रावर त्या दिवशी डॉक्टर होते का, गाडीत डिझेल होतं का?' हे विचारायला कुणी डॅशबोर्ड उघडत नाही. लाल ठिपका दिसला की ओरडा बसणार असेल, तर ठिपके हिरवे होतात. त्यासाठी फार हुशार युजर लागत नाही.

आणि अ‍ॅपचा भार कुणावर पडतो, हे २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी आम्हाला शिकवून झालं आहे. सरकारने दिलेले मोबाइल त्यांनी मोर्चे काढून परत केले. फोन निकृष्ट, सतत बिघडणारे, आणि वर पोषण ट्रॅकर इंग्रजीत. तेव्हा माझ्या ओळखीच्या एका इंजिनिअरची प्रतिक्रिया होती, 'या बायकांना तंत्रज्ञान नकोच असतं.' अहो, त्या व्हॉट्सअ‍ॅपवर संप उभा करतात! चुलीवर भाकरी टाकता टाकता व्हॉइस मेसेज करतात. त्यांना तंत्रज्ञान हवंय, त्यांच्या पदरच्या वेळेवर चालणारी फुकटची डेटा एन्ट्री नकोय. बऱ्याच ठिकाणी एकच नोंद आधी रजिस्टरमध्ये आणि मग अ‍ॅपमध्ये करावी लागते, त्या दुसऱ्या नोंदीचा मोबदला कुठल्या दरपत्रकात आहे?

भाषेचं तर विचारूच नका. भामरागडच्या घरात बोलणं माडियात होतं, मेळघाटात कोरकूत. आशाताई ते ऐकते, मनात मराठी करते आणि इंग्रजी ड्रॉपडाउनमधल्या पाच पर्यायांपैकी एक निवडते. पोरीच्या आजीने सांगितलेलं 'बाळ कालपासून रडतच नाही' हे त्या पाचात बसत नाही. मग 'इतर' निवडलं जातं. 'इतर'चा आलेख कुणी काढत नाही.

तेव्हा पुढच्या हॅकेथॉनला मला बोलावलंत तर एवढंच विचारणार आहे. तुमचं अ‍ॅप सुरू झाल्या दिवशी कुठलं रजिस्टर बंद होणार, त्याचं नाव सांगा. धोक्याचा इशारा गेला की समोर कोण फोन उचलणार आणि नाही उचलला तर ठिपका कुणाच्या नावावर लाल होणार, ते दाखवा. औषधाच्या पेटीत काय संपलंय हे ताईने वर कळवल्यावर पेटी किती दिवसांत भरते, तो आकडा स्क्रीनवर सगळ्यात मोठ्या अक्षरात ठेवा. आणि विरळ वस्तीत फेरीचा दर अंतरावर ठरवायचा असेल, तर त्याचं कॅल्क्युलेटर मी एका शनिवारी बसून बनवून देते. त्याला ऑफलाइन मोडचीही गरज नाही. ते मंत्रालयात वापरायचं आहे, तिथे रेंज उत्तम असते.