जाहीर इशारा : रेषा दाखवा, मग दंड मागा

चौकांतील कॅमेरे लावणाऱ्या, चालवणाऱ्या आणि त्यांच्या जोरावर दंड आकारणाऱ्या सर्व यंत्रणांना हा जाहीर इशारा आहे.

आमचा कॅमेऱ्यांना विरोध नाही. लाल सिग्नल तोडून शाळकरी पोरांच्या अंगावर गाडी घालणाऱ्याला दंड झालाच पाहिजे. नंबर प्लेट वाकवून, चिखल फासून फिरणाऱ्यांची बाजूही आम्ही घेणार नाही.

पण कायदा कॅमेऱ्यालाही लागू आहे. मोटार वाहन कायद्यातील कलम 136-अ आणि ऑगस्ट 2021 मध्ये अधिसूचित झालेला केंद्रीय नियम 167-अ उघडून वाचा. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. यंत्राच्या मंजुरी प्रमाणपत्राचे दरवर्षी नूतनीकरण हवे. चलानावर गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही स्पष्ट दिसतील असा फोटो हवा. तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम हवे. नोटीस 15 दिवसांत निघायला हवी.

आमच्या चौकात काय आहे? थांबरेषा दोन पावसाळ्यांपूर्वीच पुसली गेली. सूचनाफलकावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला आहे. माझ्या मोबाइलवर चलान आले, तेव्हा घटनेला तीन महिने उलटले होते. गुन्हा काय, तर थांबरेषा ओलांडली. फोटोत माझ्या स्कूटरचे पुढचे चाक दिसते, नंबर दिसतो. रेषा कुठेच नाही, नुसते डांबर आहे. जी रेषा तुमच्या कॅमेऱ्यालाही दिसली नाही, ती मी ओलांडली कशी?

आमच्या मागण्या चार. थांबरेषा आणि झेब्रा क्रॉसिंग रंगवा. फलकावरचा फ्लेक्स उतरवा. प्रत्येक कॅमेऱ्याचे चालू वर्षाचे प्रमाणपत्र जाहीर करा. ज्यांच्या फोटोत गुन्हा दिसत नाही, ती चलाने मागे घ्या.

कायद्याने तुम्हाला नोटिशीसाठी 15 दिवस दिले आहेत. आम्हीही आजपासून 15च दिवस देतो. सोळाव्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही रहिवासी त्याच चौकात, फुटपाथवर ठिय्या देऊ. एकही वाहन अडवणार नाही. प्रत्येक सदोष चलानावर तक्रार दाखल होईल, प्रत्येक कॅमेऱ्यामागे माहिती अधिकाराचा एक अर्ज पडेल. तरीही हालचाल झाली नाही, तर हेच फोटो घेऊन आम्ही उच्च न्यायालयाचे दार ठोठावू. होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी तुमची राहील.