डिटेक्टर रुसला? डोकं थंड ठेवा, बॉस!

ऑनसाइटला इंग्लंडमध्ये असाल, तर वीकेंडसाठी एक भन्नाट नाद आहे: मेटल डिटेक्टिंग! १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावात शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला त्याचा मित्र डिटेक्टर घेऊन गेला, आणि सापडली चक्क १५ हजारांच्या आसपास रोमन नाणी. हातोडाही मिळाला!

पण शेतात पोहोचलात आणि मशीन उगाचच बीप-बीप करत सुटलं तर? परवानगी एका दिवसाची, त्यात हिवाळ्यात चारलाच अंधार. अशा वेळी सगळी बटणं एकदम फिरवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे दुखणं नेमकं कुठे आहे ते कळेल.

१. आधी बॅटरी. थंडीत साध्या बॅटऱ्या लवकर मान टाकतात. नवा सेट घाला, टोकं पुसून घ्या. आवाजच नसेल तर हेडफोन काढून बघा.

२. कॉइल हवेत स्थिर धरा. तरी ओरडतोय? मग गुन्हेगार आसपास आहे: विजेच्या तारा, कुंपणातला करंट, शेजारच्या दोस्ताचं मशीन किंवा तुमच्याच खिशातला मोबाइल. मोबाइल बंद करा, लांब सरका, सेन्सिटिव्हिटी कमी करा.

३. हवेत गप्प, पण जमिनीजवळ नेलं की बडबड? मातीतल्या खनिजांचा प्रताप. धातू नसलेली जागा बघून ग्राउंड बॅलन्स पुन्हा करा. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत बीच मोड लावा.

४. फिरवतानाच बोंब? केबल लोंबकळतेय का बघा, दांड्याला नीट गुंडाळा, कनेक्टर घट्ट करा. कॉइलच्या कव्हरमधला चिखल काढा. आणि बुटात लोखंड नाही ना, तेही तपासा!

५. शेवटी फॅक्टरी रीसेट. मग गवतावर एक नाणं टाकून टेस्ट घ्या.

एवढं करूनही केबल हलवली की आवाज येत असेल, तर कॉइल किंवा केबल गेली समजा. तिथेच मशीन उघडत बसू नका, सरळ पॅकअप! कारण खोट्या बीपवर विश्वास ठेवून खड्डे पाडत सुटलात, तर मशीन दुरुस्त होईल हो, पण शेतकऱ्याचा उडालेला विश्वास कुठल्याच सर्व्हिस सेंटरमध्ये रिपेअर होत नाही.

आणि हो, सुट्टीत घरी आलात की हे प्रयोग आपल्या गडांवर नकोत. संरक्षित स्मारकात विनापरवाना खोदणं हा गुन्हा आहे. तिथे नुसतं फिरा, फोटो काढा, ऐश करा!