पायातले घट्ट मोजे रक्ताची गुठळी खरंच टाळतात का?

गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन ठरलं की सामानाच्या यादीत अनेकदा एक ओळ असते: स्टॉकिंग्ज, एक जोडी. नातेवाईक खाली मेडिकलमध्ये जातात. 'साइज?' असं विचारलं की अंदाजाने 'मीडियम द्या' म्हणतात. जोडी वर येते, पायात चढते आणि विषय संपतो. या सगळ्यात रुग्णाच्या पायाला टेप लागलेली असतेच असं नाही.

खरी अडचण इथेच आहे. ही जोडी दिसते मोज्यासारखी, पण तिचं काम औषधासारखं आहे. तिलाही डोस असतो, साइड इफेक्ट असतात आणि काही रुग्णांना ती घालूच नये असंही असतं.

मोजे नेमकं काय करतात?

चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. माणूस अंथरुणाला खिळला की हा पंप थंडावतो. खोलवरच्या शिरांमध्ये रक्त रेंगाळतं आणि गुठळी होऊ शकते. यालाच डीव्हीटी म्हणतात. या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

स्टॉकिंग्ज घोट्यापाशी सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल होत जातात. गुठळी टाळण्यासाठी रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या मोज्यांचा घोट्यापाशी दाब साधारण १४ ते १८ मिलिमीटर पारा इतका असतो (ब्लड प्रेशर ज्या एककात मोजतात तेच). व्हेरिकोज व्हेन्ससाठीचे मोजे बहुतेक वेळा याहून जास्त दाबाचे असतात. दुकानात मात्र दोन्हींना 'स्टॉकिंग्ज'च म्हणतात.

चूक होते कुठे?

साइज चुकला तर दाबाचं सगळं गणित बिघडतं. सैल मोजा निरुपयोगी. मांडीपर्यंतचा मोजा गुंडाळत खाली आला तर त्याचा जाड पट्टा तयार होतो आणि रबरबँड बांधल्यासारखा पाय आवळतो. म्हणजे रक्त वर जायला मदत करण्याऐवजी तो ते अडवू लागतो.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. अमेरिकेत ऑपरेशन झालेल्या १४२ रुग्णांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात २९ टक्के रुग्णांचे मोजे चुकीच्या पद्धतीने घातलेले होते आणि २६ टक्के रुग्णांना चुकीचा साइज दिलेला होता.

ब्रिटनची आरोग्य मार्गदर्शक संस्था 'नाइस' याबाबत स्पष्ट आहे. पाय मोजूनच साइज द्यायचा, मोजे प्रशिक्षित कर्मचाऱ्यानेच घालायचे, रोज काढून पाय स्वच्छ करायचे आणि त्वचा बघायची. ज्यांची हालचाल फारच कमी आहे किंवा पायाची संवेदना गेली आहे, त्यांची त्वचा दिवसातून दोन-तीन वेळा तपासायची, विशेषतः टाचेपाशी आणि हाडाच्या उंचवट्यांवर. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असेल तर हे कितपत होत असेल, याचा अंदाज बांधणं कठीण नाही.

पायाच्या धमन्यांत अडथळा असेल किंवा पाय बधिर असतील तर हे मोजे टाळायला सांगितलं जातं. भारतासाठी हा मुद्दा मोठा आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि जुना मधुमेह पायाची संवेदना घालवू शकतो. अशा रुग्णाला मोजा रुततोय हे कळतच नाही, मग तो तक्रार काय करणार?

संशोधन काय सांगतं?

सर्वांत मोठा धक्का २००९ च्या 'क्लॉट्स' चाचणीने दिला. पक्षाघाताच्या २,५१८ रुग्णांपैकी मांडीपर्यंतचे मोजे घातलेल्यांत डीव्हीटीचं प्रमाण १०.० टक्के होतं, न घातलेल्यांत १०.५. म्हणजे फरक जवळपास नाहीच. त्वचेला इजा मात्र ५ टक्के विरुद्ध १ टक्का. याच मालिकेतल्या २०१३ च्या चाचणीत हवेने फुगून पाय दाबणाऱ्या यंत्राचा फायदा दिसला: ८.५ टक्के विरुद्ध १२.१.

ऑपरेशनच्या रुग्णांचं काय? ब्रिटनमध्ये १,९०५ रुग्णांवर झालेली 'गॅप्स' चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांना हेपरिनची इंजेक्शनं दिली होती, निम्म्यांना सोबत मोजेही. गुठळ्यांचं प्रमाण १.४ आणि १.७ टक्के. हेपरिन चालू असेल तर मोज्यांनी विशेष भर पडत नाही, असा त्याचा अर्थ.

म्हणून मोजे फेकून द्यावेत असं नाही. रक्तस्रावाच्या भीतीने ज्यांना हेपरिन देता येत नाही, त्यांच्यासाठी दाबाचे उपाय महत्त्वाचे ठरतात. लांबच्या विमानप्रवासात तर या मोज्यांची कामगिरी चांगलीच आहे. मुद्दा एवढाच, की ते कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्याला आणि घालणाऱ्याला हा फरक माहीत हवा.

भारतातलं चित्र याहून गंभीर आहे. 'एंडॉर्स' नावाच्या ३२ देशांतल्या पाहणीत भारतातली १० रुग्णालयं आणि २,०५८ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना गुठळीचा धोका होता. शिफारस केलेला प्रतिबंधक उपाय मिळाला तो धोका असलेल्यांपैकी फक्त सुमारे १७ टक्के जणांना. इंग्लंडने २०१० मध्ये दाखल होणाऱ्या प्रौढ रुग्णांचा गुठळीचा धोका तपासून नोंदवणं आवश्यक केलं आणि रुग्णालयांच्या निधीचा काही भाग त्याला जोडला. आपल्याकडे ते त्या-त्या रुग्णालयाच्या शिस्तीवर अवलंबून असतं.

नातेवाईकांनी काय विचारावं?

पाय मोजलाय का? हेपरिन चालू आहे का, आणि असेल तर मोजे कशासाठी? ते किती दिवस घालायचे? मधुमेह असेल तर तो आपणहून सांगावा. रोज मोजे उतरवले की टाचेकडे एकदा नीट बघावं.

आणि घरी आल्यावर पोटरी दुखते म्हणून तेल लावून चोळून देऊ नये. एकाच पायाला सूज असेल, पोटरी दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागलं तर थेट रुग्णालय गाठावं.