डॉक्टर मंत्री कुणाच्या बाजूचा?

डॉक्टर आरोग्यमंत्री झाला म्हणजे गरिबांचे आरोग्य सुधारतेच असे नाही. तो खुर्चीवर बसून कुणाची बाजू घेतो, यावर सारे ठरते. चिलीचे डॉ. साल्वादोर आयेंदे यांनी कष्टकऱ्यांची बाजू घेतली.

समाजवादी विचारांमुळे तरुण आयेंदेंना रुग्णालयांतील जागा नाकारल्या गेल्या. वाल्परायसो शहरात त्यांच्या वाट्याला शवविच्छेदनाचे काम आले. गरीब माणूस कशाने मरतो, हे त्यांनी तिथे पाहिले. १९३९ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते आरोग्यमंत्री झाले. त्याच वर्षीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी बालमृत्यू आणि क्षयरोगाचा संबंध थेट तुटपुंजी मजुरी, निकृष्ट अन्न आणि कोंदट घरांशी जोडला. नुसत्या औषधाने हे रोग हटणार नाहीत, हे खुद्द आरोग्यमंत्र्यानेच सांगितले!

१९४२ मध्ये मंत्रिपद सुटले, पण आग्रह सुटला नाही. सिनेटर म्हणून त्यांनी पाठपुरावा केला आणि १९५२ साली राष्ट्रीय आरोग्य सेवेचा कायदा झाला. १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मुलांना रोज अर्धा लिटर दूध देण्याची योजना त्यांनी हाती घेतली.

११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी बंडात त्यांचा अंत झाला. पुढे हुकूमशाहीने १९७९ मध्ये ती आरोग्य सेवा मोडीत काढली आणि १९८१ मध्ये खासगी विमा कंपन्यांना दार उघडून दिले.

एक वकील म्हणून मला यातला धडा महत्त्वाचा वाटतो. कायदा करून घ्यायला जसा लढा लागतो, तसाच तो टिकवायलाही लागतो. आरोग्य ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. आणि पहारा सुटला की हक्क चोरीला जातो.